खंड समोर दिसत होता, हातात येत नव्हता

डच चित्रकार रेम्ब्रांटच्या नावावर असलेलं एक चित्र खरंच त्याचं आहे असं आज कोण मानतं आणि कशावरून, एवढंच मला निबंधासाठी हवं होतं. चित्राचा मोठा फोटो, संग्रहालयाची नोंद, जुने लेख हे सगळं घरबसल्या मिळालं. अडलं ते रेम्ब्रांट रिसर्च प्रोजेक्टच्या, म्हणजे त्याची खरी चित्रं कोणती हे तपासणाऱ्या अभ्यासगटाच्या ग्रंथाच्या, सहाव्या खंडापाशी.

खंड लायब्ररीच्या संदर्भ विभागात, काचेच्या कपाटात समोर दिसत होता. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, गाइडचं पत्र आणा. आणलं. त्यावर विभागाचा शिक्का नव्हता. शिक्का मारून आणला, तर अर्जात "हवी असलेली पानं" असा रकाना! पुस्तक उघडायच्या आधी पान नंबर कुठून आणू? "रकाना आहे ना, मग भरावाच लागतो," मॅडम शांतपणे म्हणाल्या. आत मी धुमसत होते. शेवटी एका लेखाच्या तळटीपेत त्या खंडाचं कुठलंसं पान सापडलं, तोच आकडा ठोकून दिला आणि अर्ज मंजूर! मला हवी ती नोंद त्या पानावर नव्हतीच, पण पुस्तक तर टेबलावर आलं. तेव्हा लायब्ररीत जाण्याआधी तळटीपांतून एखादा पान नंबर काढून ठेवा.

जुन्या यादीवर भागलं नसतं का, असं मैत्रिणीने विचारलं. ब्रेडियुस या डच कलाअभ्यासकाच्या १९३५च्या यादीत रेम्ब्रांटची सहाशेहून जास्त चित्रं होती. गेर्सन या दुसऱ्या अभ्यासकाने १९६९मध्ये तीच यादी सुधारली, तेव्हा त्यातली कितीतरी चित्रं रेम्ब्रांटची नाहीत असं म्हटलं. आणि याच ब्रेडियुसने १९३७मध्ये व्हॅन मेगेरेन या नकली चित्रं काढणाऱ्याचं बनावट चित्र व्हर्मीर या जुन्या डच चित्रकाराचं म्हणून डोक्यावर घेतलं होतं. त्यामुळे नाव कितीही मोठं असो, मी आधी साल बघते. वेबसाइटींचं तर विचारूच नका. चार ठिकाणी तेच वाक्य, त्याच चुकीच्या स्पेलिंगसकट. तो एकच संदर्भ धरायचा, आणि तोही कच्चा.

हो, एक राहिलंच. चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं हे शोधत असाल, तर गेटी या अमेरिकी कलासंस्थेचा प्रॉव्हेनन्स इंडेक्स ऑनलाइन फुकट आहे. व्हॅन गॉगवर काम असेल तर त्याची पत्रं २००९पासून टिपांसकट ऑनलाइन आहेत. तिथे शिक्का लागत नाही.

खंडात नोंद सापडली. झेरॉक्ससाठी वेगळा अर्ज होता. तो मी भरलाच नाही, सगळी नोंद हातानेच उतरवून घेतली.