निळी येष्टी, चंदेरी टप: सहावा आठवडा

रंग चढला. दोनदा खरवडून तिसऱ्यांदा चढला, पण चढला एकदाचा.

मागच्या नोंदीत नुसता सांगाडा उभा होता. आत्ताच वाचायला लागलेल्यांसाठी सांगतो: मी १:२४ मापात, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाएवढं, एसटीच्या अगदी पहिल्या गाडीचं मॉडेल करतोय. १ जून १९४८ ला अहमदनगरच्या माळीवाड्यातून पुण्याला निघाली ती. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. गाडी बेडफर्डची, बॉडी लाकडी, सीटा काथ्याच्या. रंग निळा आणि टप चंदेरी.

एसटी निळी होती म्हटलं की घरी येणारा जो तो आधी माझ्याकडे बघतो आणि मग गाडीकडे. आपल्या डोळ्यांसमोर येष्टी म्हणजे लाल डबाच. पण लाल रंग आला तो १९६० च्या सुमारास, अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीबरोबर. त्याआधी लाकूड जाऊन पोलादी बॉड्या आल्या होत्या. पोलाद गंजतं, आणि किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर. म्हणून अ‍ॅल्युमिनियम आलं, आणि त्याच सुमाराला रंगही बदलला. म्हणजे पहिली बारा-एक वर्षं लोकांनी हात दाखवून थांबवली ती निळी गाडी. लाल परीची मॉडेलं आपल्यात एकाहून एक सरस आहेत, एशियाडचीही आहेत. ही निळी वर्षं मात्र कुणी फारशी हातात घेत नाही, याची मला मनापासून रुखरुख वाटते. सगळा खटाटोप त्यासाठीच.

आता निळा म्हणजे कुठला निळा? एनॅमलच्या शेडकार्डावर ऑक्सफर्ड ब्लू आहे, फ्रेंच ब्लू आहे, फिरोजी आहे, स्काय ब्लू आहे. चारही रंगांच्या छोट्या डब्या आणल्या आणि सनबोर्डच्या (हलक्या फोमच्या पुठ्ठ्याच्या) तुकड्यांवर पट्टे ओढले. ते घेऊन आमच्या गल्लीतल्या काकांकडे गेलो. काकांनी उभी हयात एसटीच्या कार्यशाळेत पेंटर म्हणून काढली. ते नोकरीला लागले तेव्हा गाड्या लाल झालेल्या होत्या, पण शाळकरी वयात गावच्या पारापाशी निळी गाडी थांबायची, ती त्यांना लख्ख आठवते. पट्टे उन्हात धरून त्यांनी एकेक बाजूला ठेवला. म्हणाले, "हा शाईचा झाला. हा देवघरातला. अरे, आई धोतरं धुताना बादलीत नीळ सोडायची ना, ती पाण्यात पसरताना दिसते तसा होता तो."

घरी येऊन नीळ आणली, बादलीत सोडली आणि पांढऱ्या बशीत ते पाणी घेऊन शेजारी रंग कालवत बसलो. फ्रेंच ब्लू तीन भाग, पांढरा एक भाग आणि काळ्याचे दोन थेंब. काळ्याने रंगाचा भडकपणा मरतो. मापातल्या मॉडेलला हे करावंच लागतं, नाहीतर गाडी खेळण्यासारखी दिसते. काकांनी बशी बघितली आणि नुसती मान हलवली.

फसलं ते टपावर. मी आधी टपाला अ‍ॅल्युमिनियम पेंट मारला, दोन दिवस वाळवला, त्यावर मास्किंग टेप लावला आणि खाली निळा मारला. टेप ओढला तर चंदेरी रंगाची सालच टेपबरोबर आली. या रंगातले अ‍ॅल्युमिनियमचे कण वर तरंगून येतात आणि पृष्ठभागावरच बसतात. चमक त्यांच्यामुळेच येते, पण पकड नसते. बोट फिरवलं तरी राखाडी होतं. दुसऱ्या वेळी चार दिवस वाळवूनही तेच झालं. तेव्हा क्रम उलटा केला: आधी निळा, तो आठवडाभर कडक वाळवला, मग निळ्यावर टेप आणि सगळ्यात शेवटी चंदेरी. आता कड सुरीने कापल्यासारखी आली आहे. तुमच्यापैकी कुणी चंदेरी टपाची गाडी करणार असाल तर एवढं नक्की लक्षात ठेवा, आणि टपाला नंतर हात लावू नका.

मापाबद्दल थोडक्यात. चासीसाठी, म्हणजे खालच्या सांगाड्यासाठी, मी बेडफर्डच्या त्या काळातल्या 'ओबी' बसचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) धरलाय, १४ फूट ६ इंच. २४ ने भागलं की १८४ मिमी येतात. बॉनेट पुढे असल्यामुळे खिडक्यांना जागा कमी उरते, त्यामुळे खिडक्यांची पट्टी दोनदा कापावी लागली. चाकं जुन्या खेळण्यातल्या ट्रकची आहेत, त्यांवर अजून समाधान नाही.

सीटांचं काम मात्र मनासारखं झालं. नारळाची शेंडी सोडवून तिचे तंतू कात्रीने बारीक केले आणि आइस्क्रीमच्या काड्यांच्या चौकटीवर फेविकॉलने थापले. वरून जुन्या पर्सचं पातळ रेक्झिन ताणून बसवलं. एका सीटचा कोपरा मुद्दाम फाटका ठेवला, त्यातून काथ्या डोकावतो. खिडकीतून टॉर्च मारला तरच दिसतो, पण तो तिथे आहे.

मार्गाची पाटी काकांनी लिहून दिली. नऊ सेंटिमीटरची पट्टी, त्यावर 'अहमदनगर – पुणे'. मी आधी पेन्सिलने शिरोरेघ आखून नेली होती, ती त्यांनी खोडायला लावली. "आधी रेघ मारलीस की अक्षरं तिला लोंबकळतात. आधी अक्षरं बसव, मग वरून एका दमात रेघ ओढ." तीन केसांचा ब्रश, श्वास रोखून ओढलेली रेघ, आणि 'पुणे'च्या मात्रेपाशी तो ब्रश अलगद उचलला गेला, ते बघताना मी काही बोललोच नाही.

पुढच्या गाडीचंही ठरलंय. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुणे–महाबळेश्वर मार्गावर दोन आरामगाड्या धावायच्या, मॉरिस कमर्शियलच्या चासीवर. त्यातली 'नीलकमल' मला करायची आहे. दोन-दोनच्या सीटा, पडदे, हिरवट काचा आणि आत चक्क घड्याळ. पडद्यांसाठी आईच्या जुन्या वॉयलच्या साडीचा तुकडा मिळालाय. १:२४ मध्ये घड्याळाची तबकडी जेमतेम शर्टाच्या बटणाएवढी होईल, त्यावर काटे कसे बसवायचे ते कुणी केलं असेल तर सांगा.

तोवर या गाडीची घंटीची दोरी बाकी आहे. रविवारी ती ओवतो.