पुरुषांना प्रवेश नाही

आमच्या मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या खोलीच्या दारावर ही पाटी आहे. गेल्या महिन्यात मोहोळकडचे ७१ वर्षांचे एक आजोबा पाऊण तास तिच्याखालीच उभे होते. कुणी आत घेईना. चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं: दोन्ही बाजू, गाठ? मुलगा मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेला, बाकड्यावरच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

आमच्या संगणकात शेवटच्या पाळीची तारीख टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. काउंटरवरच्या मुलीनं त्या दिवसाचीच तारीख टाकून दिली. सॉफ्टवेअर करणाऱ्याला काय म्हणावं!

पुरुषाची मॅमोग्राफी हे हाताचं काम आहे. धरायला मांस कमी, स्नायू ताठ, पॅडल म्हणजे दाबायची पट्टी खाली आली की पुढे ओढलेलं सगळं मागे निसटतं. खांदा सैल सोडून घ्यायचा आणि पॅडल टेकेपर्यंत आपली बोटं तिथून काढायची नाहीत. स्तनाग्र नेमकं कडेला यायला हवं, नाहीतर तेच गाठीसारखं दिसतं. १४ वर्षांत तीसेक पुरुष आले असतील, एकाचाही फोटो परत काढावा लागलेला नाही.

आजोबांना नुसतं बोट लागलं तरी कळ येत होती. दाब कमी ठेवला. स्क्रीनवर दोन्हीकडे स्तनाग्रामागून आत पसरलेली, ज्योतीसारखी पांढरी सावली. पुरुषांमधली कॅन्सरची गाठ बहुतेकदा जरा बाजूला असते, ही बरोबर मध्यावर होती. असं दिसलं की मी आधी गोळ्या विचारते.

“परस्टेटची हाय. दिसाला तीन.” शर्टाची गुंडी लावता लावता थांबले. “वीस दिस झालं, घेत न्हाई. इहिरीवर आंघूळ करायची सोडली मी. पोराला सांगू नका, ताई.”

प्रोस्टेटच्या कॅन्सरची गोळी, बायकॅल्युटामाइड, ५० मिलिग्रॅमच्या तीन. ऑपरेशनला नकार, इंजेक्शन परवडत नाही, म्हणून नुसत्या गोळ्या. ही गोळी पुरुषी हार्मोन बनणं थांबवत नाही, ते पेशीला लागू होऊ देत नाही. मग ते रक्तात वाढतं, त्यातलं काही बायकी हार्मोनमध्ये बदलतं आणि छाती वाढते, ठणकते. १५० मिलिग्रॅमवर बहुतेक पुरुषांना हे होतं. टॅमॉक्सिफेन नावाची गोळी देऊन किंवा सुरुवातीलाच छातीला थोडं रेडिएशन देऊन ते बरंच आटोक्यात ठेवता येतं. पण गोळी लिहिताना आजोबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. माणूस कॅन्सरचं औषध बंद करतो ते असं.

रिपोर्ट सांगणं माझं काम नाही. “गोळी मनानं बंद ठेवू नका, छातीवर उपाय आहे, डॉक्टरांना सांगा,” एवढंच म्हटलं. ते सांगणार नाहीत हे दिसतच होतं. आमच्या सरांनी रिपोर्टमध्ये ‘संशयास्पद काही नाही’ लिहून सही केली. गोळ्यांचं सांगितलं तर म्हणाले, “ते त्यांचे डॉक्टर बघतील.” डॉक्टरांना कळल्याशिवाय कसं बघतील? मी चिठ्ठीवर लाल पेनानं लिहिलं: गोळ्या २० दिवस बंद. चिठ्ठी पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं.

पाकीट डॉक्टरच फोडतील असं मी धरून चालले होते. मुलानं ते काउंटरवरच फाडलं. वाचलं, पुन्हा वाचलं.

“वीस दिवस?” त्यानं मलाच विचारलं.

आजोबा त्याच्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.