जुनी ई-क्लास कामाच्या फिरतीला लावताना

पुण्याहून माझी फिरती महिन्याला साधारण अडीच हजार किलोमीटरची. कोल्हापूर-सांगलीकडच्या फाउंड्र्या, वाळूज, सातपूर-अंबड, अधूनमधून सोलापूर. या कामाला मी 2012 ची मर्सिडीज ई 250 सीडीआय ही डिझेल गाडी वापरतो, चाकणला जुळणी झालेली. अशी गाडी आज नव्या हॅचबॅकच्या पैशांत मिळते आणि माणूस फसतो तो इथेच. गाडीची किंमत उतरते, पार्टांची उतरत नाही. म्हणून सौदा ठरवतानाच गाडीच्या किमतीचा एक तृतीयांश भाग पहिल्या तीन महिन्यांच्या कामासाठी वेगळा काढला. तेवढी ऐपत नसेल तर अशी गाडी घेऊच नये, मग ती कितीही चकचकीत असो.

घेण्याआधी गाडी थंड असताना बघायची. मालकाला आदल्या दिवशीच सांगायचं, की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात. कोमट लागलं तर चहा पिऊन परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या एक-दोन सेकंदांत साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी साखळी) आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर संशयात. या 2143 सीसीच्या इंजिनात चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे ते काम दुपारभरात उरकणारं नाही. भावात तेवढी घासाघीस होत नसेल तर सरळ सोडून द्यायची.

मग इंजिनवरचं प्लास्टिक कव्हर ओढून काढायचं आणि चारही इंजेक्टरांच्या बुडाशी टॉर्च मारायचा. तिथे डांबरासारखा काळा, कडक थर दिसला तर तांब्याचा वायसर गेलाय आणि जळालेला वायू तिथून फुंकला जातोय. कान दिला तर चक-चक असा आवाजही येतो. वेळेत धरलं तर काम छोटं आहे: इंजेक्टर काढा, बैठक कटरने साफ करा, नवा वायसर आणि नवा बोल्ट लावा. बोल्ट ताणला जाणारा असतो, जुना परत लावायचा नाही. वर्षानुवर्षं तसंच चालवलं तर इंजेक्टर हेडमध्ये चिकटून बसतो आणि काढतानाच मोडायची भीती. त्याच वेळी लीक-ऑफ टेस्ट करून घ्यावी: चारही रिटर्न नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं चालवायचं. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल साचलं तर तो इंजेक्टर आतून झिजलाय.

शे-पाचशेचा ब्लूटूथ स्कॅनर इथे पुरत नाही. तो इंजिनचे कोड दाखवतो. गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग लॉक यांच्यापर्यंत त्याचा हात पोचत नाही. मर्सिडीजच्या सगळ्या मॉड्यूलांशी (गाडीतल्या ठिकठिकाणच्या छोट्या संगणकांशी) बोलणारा स्कॅनर असलेला माणूस बरोबर घ्यावा. किलोमीटरची नोंद मीटरखेरीज इतर मॉड्यूलांतही राहते. आकडे जुळले नाहीत तर पुढचं बोलणंच नको. दोन्ही किल्ल्या हातात मिळाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. नवी किल्ली चॅसी नंबरवर मागवावी लागते, चौकातल्या किल्लीवाल्याचं ते काम नाही.

गाडी ताब्यात आल्यावर पहिले दोन आठवडे लांब नेली नाही. सगळी तेलं आणि रबरं एका तारखेपासून सुरू झाली, की पुढचा हिशेब आपला असतो; आधीच्या मालकाच्या सर्व्हिस बुकावर विसंबून फिरती करता येत नाही.

इंजिन ऑइल साडेसहा लिटर, 5डब्ल्यू-30, डब्यावर मर्सिडीजचं 229.51 किंवा 229.52 हे मानांकन छापलेलं. नुसतं ‘डिझेलसाठी सिंथेटिक’ लिहिलेलं चालत नाही. फिल्टर वरूनच निघतो. झाकणाची ओ-रिंग दर वेळी नवी, झाकण टॉर्क पान्याने 25 न्यूटन-मीटरवरच आवळायचं, नाहीतर प्लास्टिकला चीर जाते. कंपनीचा अंतराल काहीही असो, मी दर 10,000 किलोमीटरला बदलतो. डिझेल फिल्टर 20,000 ला.

खरं दुर्लक्ष होतं ते गिअरबॉक्सचं. ‘आयुष्यभराचं तेल आहे, हात लावू नका’ हे वाक्य पुण्यात ज्या-त्या गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. ताशी 60 ते 80 च्या दरम्यान हलक्या पायाने चालवताना रम्बल स्ट्रिपवरून (रस्त्यावरच्या आडव्या उंच पट्ट्यांवरून) गेल्यासारखी थरथर आली तर टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागाचं) तेल थकलंय. आधी चॅसी नंबरवरून गिअरबॉक्सची पेटी कोणती ते काढायचं, कारण याच काळातल्या गाड्यांत पाच गिअरची आणि सात गिअरची, दोन्ही सापडतात. सुधारित सात गिअरच्या पेटीला निळं, 236.15 मानांकनाचं तेल. आधीच्या पेट्यांना लाल, 236.14. ही दोन तेलं एकमेकांत मिसळायची नाहीत. पॅन उघडल्यावर चार-पाच लिटरच खाली येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. काही कन्व्हर्टरांना ड्रेन प्लग असतो, काहींना नाही. नसेल तर पाच-सहाशे किलोमीटर चालवून पॅनचं तेल परत एकदा बदलायचं. पॅनचा गॅस्केट आणि फिल्टर नवा हवाच. वायरिंगचा जाड प्लग जिथे पेटीत शिरतो तिथल्या बुशची ओ-रिंगही बदलावी. पार्ट किरकोळ, पण तो गळला तर तेल वायरींच्या आतून चढत जातं.

पातळी हा या कामातला कळीचा भाग. सात गिअरच्या पेटीत किती लिटर ओतलं यावर भागत नाही. गाडी समतल लिफ्टवर, इंजिन चालू, स्कॅनरवर गिअरबॉक्स तेलाचं तापमान 45 अंश दिसलं, की खालचा प्लग उघडायचा. जास्तीचं तेल धारेने जातं, धार थेंबावर आली की प्लग बंद. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी हे करू नये. तेल 45 च्या पुढे कधी गेलं कळतच नाही आणि पातळी कमी राहते. सकाळची पहिली गाडी आपली ठेवायला सांगावं.

कूलंट हा दुसरा मोठा विषय. आधीच्या कुणीतरी बोअरचं पाणी ओतलेलं असतं हे गृहीत धरा. क्षार आत बसतात आणि रेडिएटर अर्धा बंद होतो. पूर्ण रिकामं करून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, 325.0 मानांकनाचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. महामार्गावर तापमानाचा काटा 90 अंशांच्या आसपास स्थिर हवा. 80 च्या खाली रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. गाडी बंद पडत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि डिझेल जास्त जाळत राहतात. वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचे पांढुरके ओघळ दिसले तर लांबच्या फेरीआधी पंप, बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर एकत्रच बदलावेत. मजुरी एकदाच पडते.

दहा-बारा वर्षांत गाडी फार धावलेली नसली तरी रबर म्हातारं होतंच. सिग्नलला डी मध्ये थांबल्यावर स्टिअरिंग थरथरतं आणि एन मध्ये टाकलं की शांत होतं, तर इंजिन माउंट बसलेत. इंजिनचे दोन आणि गिअरबॉक्सचा एक, तिन्ही बरोबरच. एकच नवा घातला तर जुन्यांचा भार त्याच्यावर येतो. पुढच्या खालच्या आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट बदलल्यावरच अलाइनमेंट करायचं, आधी नाही. हे सुटे भाग नाना पेठेत सहसा हातोहात मिळत नाहीत, ऑर्डर देऊन दोन-तीन दिवस थांबावं लागतं. म्हणून पार्ट आधी हातात, मग गाडी लिफ्टवर. वापरलेले पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात. आरसा, दिवा, दरवाजाची पट्टी तिथून आणायला हरकत नाही. बुश, पंप, ब्रेकचं काहीही आणू नये.

पावसाळ्याआधीचं एक काम बहुतेक जण विसरतात: सनरूफच्या चारही कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्या आणि वायपरखालची जाळी. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पानांचा लगदा होतो. मग पाणी छताच्या अस्तरातून उतरून कार्पेटखाली साचतं, आणि या गाड्यांत वायरींचे जोड तिथेच असतात. नळीत पातळ नायलॉनची दोरी घालून हळू साफ करायची. कंप्रेसरची हवा मारली तर नळी आतल्या आत जोडातून सुटते.

बॅटरी एजीएमच (आम्ल चटईत शोषलेली, सीलबंद) हवी. गाडी पूर्ण बंद असताना सकाळी 12.4 व्होल्टच्या खाली असेल तर लॉक करून अर्धा तास थांबा आणि मग अँमिटर जोडा. 50 मिलिअँपिअरहून जास्त जात असेल तर कुठलं तरी मॉड्यूल झोपत नाहीये. व्होल्टेज पडलं, की एबीएस, एअरबॅग असे दिवे एकामागून एक लागतात आणि मेकॅनिक मॉड्यूल बदलायला सांगतो. आधी बॅटरी तपासा, मग पाकीट उघडा.

टायरांबद्दल माझं मत ठाम आहे. 245/45 आर 17 दिसायला झकास, पण बाजूची भिंत 110 मिलिमीटरची. जोडरस्त्याच्या एका खड्ड्यात फुगा येतो. 225/55 आर 16 ची भिंत जवळपास 124 मिलिमीटर आणि एकूण व्यास दोन्हींचा सारखाच, 65 सेंटिमीटरच्या थोडा वर. त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. 16 इंची रिम ब्रेक कॅलिपरला घासत नाही एवढं लावून बघायचं, आणि भार-अंक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) गाडीला नेमून दिलेल्यापेक्षा कमी घ्यायचा नाही. टायरवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढचा टायर मी लांबच्या कामाला ठेवत नाही.

चाकाला नट नाहीत, 17 मिमीचे बोल्ट आहेत. चाक काढलं की टेकवायला काही उरत नाही, म्हणून टूलकिटमधली मार्गदर्शक पिन एका भोकात फिरवून चाक तिच्यावर अडकवायचं. ती पिन हरवलेली असेल तर आधी तीच शोधा. पंक्चरवाले इम्पॅक्ट गनने वाट्टेल तेवढं आवळतात. बोल्ट 130 न्यूटन-मीटरचे आहेत, मी टॉर्क पाना डिकीतच ठेवतो. जॅक लावायच्या जागी रबरी ठोकळा असतो, तिथेच लावायचा. जरा बाजूला लागला तर खालचा पत्रा दुमडतो.

आता रस्ता. पहाटे साडेपाचच्या आत वाकड किंवा चांदणी चौक मागे टाकायचा. कोल्हापूरकडे जाताना नवले पूल वर्दळीआधी गाठलेला बरा. ताशी 90-95 ला मला लिटरला 15-16 मिळतात, शहरात 9-10. शहरातल्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मी या गाडीने करत नाही, त्याला दुचाकी आहे. इंजिन तापायच्या आत बंद केलं, की ईजीआरमध्ये (जळालेला धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये) काजळी साचते. या गाडीची तब्येत लांबच्या रस्त्यावरच चांगली राहते.

खंबाटकी घाट चढताना उन्हाळ्यात एसीची हवा कोमट झाली, की बहुतेक जण गॅस भरून घेतात. आधी कंडेन्सरची जाळी बघा. दोन थरांच्या मध्ये धूळ आणि किड्यांची गादी झालेली असते, आणि ट्रकमागे रांगत चढताना वारा लागत नाही. कमी दाबाच्या पाण्याने, आतून बाहेर धुवायचं. बोरघाट उतरताना मॅन्युअलमध्ये तिसरा गिअर धरतो आणि ब्रेक दाबून-सोडून वापरतो. एवढी जड गाडी ब्रेकवर पाय ठेवून खाली आणली तर डिस्क वाकडी होते आणि पुढे 80 च्या वर स्टिअरिंग हलू लागतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. चढ जोरात चढून लगेच थांबलो तर अर्धा मिनिट इंजिन चालू ठेवतो, टर्बोसाठी.

नागपूरकडचं काम निघालं तर संभाजीनगरपासून समृद्धी महामार्ग. तिथे कारला 120 ची मुभा आहे, पण तास-तासभर एकाच वेगाने धावताना कमी हवेचा टायर वळून-वळून आतून तापतो आणि फुटतो. डिझेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दाबाचा तक्ता आहे. त्यातला पूर्ण भाराचा आकडा, टायर थंड असताना भरायचा. थोडं चालून, गरम टायरमधली हवा ‘जास्त दिसते’ म्हणून कमी करायची नाही.

कागदांचं थोडक्यात. पांढऱ्या पाटीच्या गाडीने स्वतःच्या कामाला फिरणं ठीक. भाड्याने माणसं नेली तर परवाना लागतो आणि अपघातात विम्याचा दावाही अडतो. 2012 ची गाडी 2027 मध्ये 15 वर्षांची होते. आरटीओत तपासणी, पर्यावरण कर आणि फेरनोंदणी, पुढच्या पाच वर्षांसाठी. 1 एप्रिल 2022 पासून कारच्या फेरनोंदणीचं शुल्क 5,000 रुपये आहे, आयात केलेल्या गाडीला 40,000. त्यामुळे घेतानाच आरसीवर बघावं, की गाडी इथे जुळणी झालेली आहे की बाहेरून आलेली.

डिकीत कायम: एक लिटर तेच इंजिन ऑइल, एक लिटर तयार कूलंट, जुना पण धड बेल्ट, फ्यूज, दोन-तीन होज क्लिप, टॉर्च, दुसरी किल्ली मात्र घरी. बंद पडलीच तर दोरीने ओढू द्यायची नाही, ऑटोमॅटिक पेटीचं वंगण इंजिन चालू असतानाच फिरतं. फ्लॅटबेडच मागवायची आणि ओढायची कडी हाताशी काढून ठेवायची, कारण बंपरमधलं तिचं झाकण अंधारात लवकर सापडत नाही.