पिठले-भाकरी आणि मधमाशी

परवा दुपारी जेवण आटोपून जरा लवंडावे म्हटले, तोच घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आईन्स्टाईन पुन्हा अवतरला. मधमाशा नाहीशा झाल्या तर चार वर्षांत माणूसही संपेल, हे वाक्य त्याने कधी उच्चारल्याचा वा लिहिल्याचा पुरावा मिळालेला नाही. तरी २० मे, म्हणजे जागतिक मधमाशी दिन जवळ आला की ते त्याच्या तोंडी घातले जातेच.

मला खटकते ती त्यातली धमकी. ज्वारी, बाजरी, गहू, भात यांचे मधमाशीवाचून काही अडत नाही. हरभरा आपल्याच परागावर धरतो, भुईमूगही तसाच. तेव्हा पिठले-भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्यावर मराठी माणूस चार काय, चाळीस वर्षे काढील. हाल होतील ते काकडीच्या कोशिंबिरीचे, भोपळ्याच्या घारग्यांचे आणि पिठल्याशेजारी बुक्कीने फोडलेल्या कांद्याचे.

कांद्याचे आणि माशीचे नाते मी लहानपणी आजोबांच्या शेतात पाहिले आहे. बियाण्यासाठी निवडक कांदे पुन्हा लावलेले असत आणि त्यांच्या डोंगळ्यांचे, म्हणजे फुलांच्या दांड्यांचे, वाफे पांढऱ्या गोंड्यांनी भरले की बांधावरूनही गुणगुण ऐकू येई. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो, त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलापर्यंत कोणीतरी न्यावाच लागतो. सातेरी जातीची देशी मधमाशी गोंड्यावर उतरे, फुलाफुलांत डोके खुपसत त्याला वळसा घाली आणि मागच्या पायांना चिकटलेल्या परागाच्या गोळ्या सांभाळत शेजारच्या दांड्यावर जाई. त्या दिवसांत फवारणीचे नाव काढलेले आजोबांना खपत नसे. फुलकिड्यांनी अगदीच उच्छाद मांडला तर माशा घरी परतल्यावर, दिवस मावळताना, ते नाइलाजाने पंप पाठीवर घेत.

ज्यांच्या ढोल्यांत सातेरी राहायची ती बांधावरची जुनी झाडे पुढे रस्ता रुंद करताना गेली. आता कांद्याचे बी धरणारे काही शेतकरी फुलोऱ्याच्या दिवसांत मधपेट्या भाड्याने आणून ठेवतात. माशांसाठी भाडे मोजावे लागते असे कोणी आजोबांना सांगितले असते, तर त्यांनी सांगणाऱ्याला आधी सावलीत बसवून पाणी पाजले असते.