एका अणूची सावली

"काका, एकाच अणूची सावली पडेल का?"

काल लाइट गेले होते. पुतणी मोबाइलच्या टॉर्चसमोर साबुदाण्याचा दाणा धरून भिंतीकडे बघत होती.

पडते! २०१२ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रिफिथ विद्यापीठात तिचा चक्क फोटो काढला गेला. इटर्बियम या धातूचा एकच विद्युतभारित अणू, निर्वातात विद्युतक्षेत्राने अधांतरी अडकवलेला, त्यावर ३६९ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर. लेसरची वारंवारता अणूच्या स्वतःच्या वारंवारतेशी तंतोतंत जुळली की अणू स्वतःपेक्षा शेकडो पट रुंद जागेतला प्रकाश अडवतो. वारंवारता जराशी हलली, की सावली फिकी. मला हे अजूनही अद्भुत वाटतं.

आपल्या इंदूरातच, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, लेसरने अणू थंड करून पकडतात. आणि शाळेत मात्र बऱ्याचदा "अणू दिसत नाही" यावरच धडा संपतो. तो फोटो पुस्तकात का नसावा?