अर्धा खडक सिलिकेचा, तरी गारेचा कण नाही

आमच्या खानदेशातल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, वजनाने जवळजवळ निम्मी सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग) असते, म्हणजे साधारण ४८ ते ५० टक्के. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला ते पटेना, कारण गार (क्वार्ट्झ) म्हणजे शुद्ध सिलिका आणि या दगडाच्या ताज्या फुटीवर भिंग धरून कितीही पाहिले तरी गारेचा कण सापडत नाही.

याचे उत्तर लाव्हारसाच्या घडणीत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या या रसात लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम भरपूर होते. रस निवू लागला तेव्हा सिलिका या धातूंशी बांधली गेली: कॅल्शियम, सोडियम आणि ॲल्युमिनियम यांच्यासह तिचे प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार झाले, तर लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्यासह पायरॉक्सीन, आणि मोकळी राहून गार बनावी एवढी ती उरलीच नाही. ग्रॅनाइटमध्ये सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास असते आणि हे धातू थोडे असतात, म्हणून तेथे उरलेल्या सिलिकेची गार होते. पाटा-वरवंट्याच्या दगडाचा काळा रंग आणि हाताला जाणवणारे त्याचे वजन यांचे कारणही हेच लोहयुक्त खनिज आहे.

धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत शेतामाळांतून भिंतीसारख्या सरळ धावणाऱ्या खडकांच्या रांगा, म्हणजे डाईक, मला विशेष प्रिय आहेत. भेगांत शिरून गोठलेल्या रसाच्या या भिंती बहुतांशी डोलेराइटच्या असून त्यांची खनिजे बेसाल्टचीच आहेत. फरक एवढाच की रस जमिनीखाली सावकाश निवाला आणि स्फटिकांना वाढायला अवधी मिळाला. त्यामुळे डोलेराइटमधले फेल्डस्पारचे फिकट, लांबट कण भिंगातून स्पष्ट दिसतात, तर उघड्यावर भराभर निवालेल्या बेसाल्टमध्ये ते शोधावे लागतात.

मग नांगरटीत वर येणाऱ्या गारगोट्या कोठून आल्या, असा प्रश्न मला गावात नेहमी विचारला जातो. त्या लाव्हारसातून थेट स्फटिकलेल्या नाहीत. वायूचे बुडबुडे निघून गेल्यावर खडकात पोकळ्या राहिल्या आणि नंतर त्यांतून झिरपलेल्या पाण्याने खडकातली सिलिका विरघळवून तेथे साचवली. जळगाव जिल्ह्यातील सावद्याच्या खाणींतले स्टिल्बाइटसारख्या झिओलाइट खनिजांचे देखणे स्फटिकही अशाच पोकळ्यांत वाढले आहेत.