आठवी 'ब' मध्ये आता स्वयंपाकघर आहे

आमच्या शाळेच्या शताब्दीच्या निमंत्रणपत्रिकेवर बायपासजवळच्या नव्या इमारतीचा फोटो आहे. इमारत देखणी आहे, पण तिथं मी एक दिवसही बसलेलो नाही. माझी शाळा जुन्या गावातल्या वाड्यात भरायची. त्या वाड्यात आता फ्लॅट आहेत.

वाडा संस्थेच्या मालकीचा कधीच नव्हता, भाड्याचा होता. निजामाच्या राज्यात सरकारी शाळांतून उर्दूचा जोर. अशा वेळी मराठी शाळेला जागा द्यायची तर घरमालकाला छाती लागत असणार. दारावरच्या दगडी पाटीवर शाळेचं नाव आणि खाली 'सन १३३५ फसली'. फसली म्हणजे निजामाच्या राज्यातलं सरकारी साल; त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतं, हे गणिताच्या सरांनी आम्हाला त्या पाटीखाली उभं करूनच शिकवलं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी आठवीत होतो. मागची मातीत बांधलेली ओसरी बसली, चुन्यातल्या पुढच्या भिंतींना नुसत्या भेगा गेल्या. तरी पालक पोरांना माळवदाखाली, म्हणजे मातीच्या जड छताखाली, बसू देईनात. त्यांचं काय चुकलं? किल्लारीकडं माणसं दबली ती दगडमातीच्या भिंती अन् माळवदाच्या ओझ्याखालीच. मग आमचे वर्ग लिंबाखाली भरले. पुढं शाळा बायपासला गेली आणि मालकाच्या वारसांनी वाडा विकला.

बिल्डरनं तो पाडला नाही, याचं कौतुक आहेच. पाडला असता तर पुढची जागा रस्तारुंदीत गेली असती, तो भाग वेगळा! माळवद उतरवून स्लॅब टाकला, जाड दगडी भिंती मजबूत करून तशाच ठेवल्या. मागच्या दिवाळीत वर्गमित्राच्या बहिणीकडं फराळाला गेलो, तर आठवी 'ब' मध्ये तिचा ओटा. खडू-डस्टरच्या कोनाड्यात वायफायचा डबा. म्हणाली, "दादा, उन्हाळ्यात कूलर लागत नाही बघा. पण मोबाइलला रेंज म्हणून नाही, अन् खिळा ठोकाया गेलं की वाकतोच." आमचे नकाशे खुंटीला टांगलेले असायचे ते उगाच नव्हे.

पाटी मात्र पार्किंगमध्ये मोटारसायकलींच्या मागं भिंतीला टेकवून ठेवली आहे. सोसायटीचे सेक्रेटरी द्यायला तयार आहेत, फक्त संस्थेचा अर्ज पाहिजे म्हणतात. शताब्दी समितीनं तो या महिन्यातच करावा आणि पाटी नव्या फाटकावर बसवावी. टेम्पोचं भाडं मी देतो. उचलायला माणसं समितीनं बघावीत.